नोड सारखा मागे पडतो, मध्येच बंद होतो: रीइंडेक्स मारण्याआधी काय तपासायचं

हे टिपण घरी बिटकॉइन कोरचा फुल नोड, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः उतरवून तपासणारा प्रोग्रॅम, चालवणाऱ्यांसाठी आहे. मशीन रास्पबेरी पाय (एकाच बोर्डाचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) असो की जुना मिनी पीसी, दुखणी सारखीच असतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

लक्षणं

- ‘बिटकॉइन-सीएलआय गेटब्लॉकचेनइन्फो’ दिल्यावर ‘ब्लॉक्स’चा आकडा ‘हेडर्स’च्या मागे दिसतो आणि फरक वाढतच जातो.
- वीज जाऊन आल्यावर नोड चालू दिसतो, पीअर (इतरांचे नोड) जोडलेले असतात, तरी नवा ब्लॉक एकही घेत नाही.
- रात्री चालू होता, सकाळी प्रोसेसच नाही. लॉगमध्ये कारण नाही.
- सुरू करताना ‘करप्टेड ब्लॉक डेटाबेस डिटेक्टेड’ किंवा लेव्हलडीबीचा (नोड वापरतो त्या डेटाबेसचा) ‘चेकसम मिसमॅच’ येतो. रीइंडेक्स केल्यावर चालतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.
- एसएसडी अचानक ‘रीड-ओन्ली’ होते किंवा गायबच होते.
- कनेक्शन दहा-अकराच्या वर कधीच जात नाहीत. (हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो, पण तक्रार सगळ्यात जास्त याचीच येते, म्हणून यादीत घेतलंय.)

यावर कुठेही विचारलं तरी पहिलं उत्तर ‘रीइंडेक्स मारा’ असंच मिळतं. रीइंडेक्सने बिघडलेला डेटाबेस नव्याने बांधला जातो. तो बिघडला का, याचं उत्तर मिळत नाही. पायवर त्यात कित्येक दिवस जातात आणि तेवढे दिवस डिस्क, अडॅप्टर आणि रॅम यांच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. अडॅप्टरच कमकुवत असेल तर रीइंडेक्स चालू असतानाच डेटाबेस पुन्हा बिघडतो. पुण्यातल्या घरगुती नोडच्या बाबतीत आधी वीज, मग डिस्क आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर, असा संशयाचा क्रम ठेवावा. तपासणीचा क्रम मात्र फुकट आणि सोप्यापासून सुरू होतो, कारण पहिल्या तीन पायऱ्यांना मिळून दहा मिनिटं लागतात.

नोडकडून नेमकी अपेक्षा काय, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. आलेला प्रत्येक ब्लॉक आणि व्यवहार नियमांत बसतो का, हे नोड स्वतः तपासतो. नियम मोडणारा ब्लॉक कितीही बड्या मायनरकडून (नवे ब्लॉक बनवणाऱ्याकडून) आला तरी नाकारतो. या कामाचे पैसे मिळत नाहीत. बदल्यात तुमचं वॉलेट दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर विसंबून राहत नाही. पण हे सगळं नोड अद्ययावत असेल तरच. दोन दिवस मागे असलेल्या नोडला दोन दिवसांत आलेली रक्कम माहीतच नसते आणि वॉलेट शांतपणे जुनी शिल्लक दाखवत राहतं.

१. खरंच मागे आहे का?

ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण ती सरासरी आहे. गणित मांडलं तर तासाभरापेक्षा मोठा खंड दोन-तीन दिवसांतून एकदा पडणं अगदी स्वाभाविक आहे. ‘ब्लॉक्स’ आणि ‘हेडर्स’ सारखेच असतील आणि शेवटचा ब्लॉक चाळीस मिनिटांपूर्वीचा असेल, तर काहीही करू नका. पीअर जोडलेले आहेत ना, तेवढं पाहा आणि थांबा. असल्या वेळी उगाच रीस्टार्ट मारणाऱ्यांचे डेटाबेस जास्त बिघडतात.

२. लॉगचं शेपूट वाचा

डिबग डॉट लॉग उघडा आणि नोड बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळी पाहा. तिथे ‘शटडाउन: डन’ असेल तर नोडला कुणीतरी, किंवा एखाद्या स्क्रिप्टने, नीट बंद व्हायला सांगितलं होतं. कधी नोड स्वतःच एखादी चूक नोंदवून नीट बंद होतो. ती चूक याच ओळींच्या थोडी वर सापडते. आणि लॉग मध्येच तुटला असेल, पुढची ओळ थेट नव्या सुरुवातीची असेल, तर एक तर वीज गेली किंवा प्रोसेसला सिस्टीमने मारलं.

या दोन्हींतलं कोणतं, हे ‘अपटाइम’ सांगतं. नोड बंद पडल्यानंतर मशीनही नव्याने सुरू झालेलं दिसत असेल तर वीज. मशीन तीन आठवडे सलग चालू आहे आणि फक्त नोड मेला, तर मेमरी किंवा डिस्क. या एका फरकावरून पुढच्या निम्म्या पायऱ्या गाळता येतात, म्हणून ही पायरी चुकवू नये.

३. घड्याळ

पुण्यात देखभालीसाठीचा वीजपुरवठा बहुधा गुरुवारी बंद असतो. सकाळी गेलेली वीज दुपारी किंवा संध्याकाळी येते. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो साधारण तीच वेळ धरून सुरू होतो, जी बंद होताना होती. इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की दुरुस्त होतो, पण फायबरचा डबा आणि राउटर उठायला दोन-चार मिनिटं घेतात. राउटर अडकला असेल तर वेळ मिळतच नाही.

आता नियम असा, की स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढची वेळ असलेला ब्लॉक नोड स्वीकारत नाही. पाच तास मागे असलेल्या घड्याळाला आत्ताचा ब्लॉक भविष्यातला वाटतो. लॉगमध्ये ‘टाइम-टू-न्यू’ दिसतं, पीअर असतात, नेट असतं आणि नोड मात्र जागचा हलत नाही. ‘गुरुवारनंतर अडकतो’ या तक्रारीचं हे अगदी ठरलेलं कारण आहे.

‘टाइमडेटसीटीएल’ द्या. ‘सिस्टीम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’समोर ‘यस’ हवं. नसेल तर वेळ दुरुस्त करून नोड एकदा नीट बंद करा आणि सुरू करा. कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. फुकटचा उपाय म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टीमडीची ‘टाइम-वेट-सिंक’ सेवा चालू करायची आणि नोडच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘आफ्टर’च्या ओळीत ‘टाइम-सिंक डॉट टार्गेट’ घालायचं; मग वेळ जुळल्याशिवाय नोड सुरूच होत नाही. दुसरा उपाय म्हणजे डीएस३२३१ चिपचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवणं, जे नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतं. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सहज मिळतं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन बोर्डावर जोडावी लागते. ती नसेल तर पाय ४ चंच दुखणं पुन्हा.

४. डिस्कवरची जागा

‘डीएफ -एच’ द्या. सगळ्या ब्लॉकची पूर्ण साखळी आता ७०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि ब्लॉक दीड ते दोन एमबीचे धरले तर वर्षाला आणखी ८० ते १०० जीबी लागतात. १ टीबीची एसएसडी प्रत्यक्षात ९३१ जीबीच दाखवते. त्यात ट्रॅन्झॅक्शन इंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची), इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटला माहिती पुरवणारा प्रोग्रॅम) आणि डॅशबोर्ड घातले की जागा संपत आलीच. जागा अगदी ५० एमबीच्या खाली गेली तर बिटकॉइन कोर स्वतःच बंद होतो, तेही बरंच. खरा त्रास होतो तो त्याच डिस्कवर बसलेल्या बाकीच्या प्रोग्रॅमना. ते असे सभ्यपणे बंद होत नाहीत.

एक फुकटची जागा: ईएक्सटी४ फाइल सिस्टीम पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. १ टीबीवर ती जवळपास ४६ जीबी होते. फक्त डेटा असलेल्या डिस्कवर याची गरज नाही. ‘ट्यून२एफएस -एम १’ देऊन ती एक टक्क्यावर आणता येते. काही महिने निघतात.

त्यानंतर पर्याय दोनच: २ टीबीची डिस्क, किंवा प्रूनिंग. प्रूनिंगचा किमान आकडा ५५० आहे, म्हणजे ५५० एमबीएवढेच जुने ब्लॉक ठेवून बाकीचे टाकून दिले जातात. तपासणी तेवढीच कडक राहते. फक्त जुने ब्लॉक इतरांना देता येत नाहीत, ट्रॅन्झॅक्शन इंडेक्स चालत नाही आणि विचार बदलला तर सगळी साखळी पुन्हा उतरवावी लागते.

५. नेट आणि कनेक्शन

नोड स्वतःहून साधारण दहा जोडण्या करतो: आठ पूर्ण आणि दोन फक्त ब्लॉकसाठी. अधूनमधून एखादी तात्पुरती चाचणीची जोडणी होते, म्हणून कधी अकरा दिसतात. याच्या वरच्या सगळ्या बाहेरून तुमच्याकडे आलेल्या. त्या शून्य असतील तरी नोड मागे पडत नाही. बाहेरून येणारे नसले की तुमचा नोड नव्याने सुरू होणाऱ्या नोडना साखळी देण्याचं काम करत नाही, इतकंच. नेटवर्कला त्याची गरज असते हे खरं, पण तो बिघाड नव्हे.

बाहेरून जोडण्या हव्या असतील तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. अशा वेळी राउटरवर ८३३३ पोर्ट कितीही वेळा उघडलं तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या, आयपीव्ही६ चालतं का पाहा, किंवा टॉर (खरा पत्ता लपवणारं जाळं) बसवून त्याच्या ओनियन पत्त्यावर जोडण्या घ्या. टॉरला पोर्ट उघडावंच लागत नाही. बहुतेकांना तेच पुरतं.

बाहेर जाणारी एकही जोडणी होत नसेल, तर मात्र दखल घ्यायची. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. कंपनीने फुकट दिलेले छोटे राउटर शेकडो जोडण्यांनी गुदमरतात. मोबाइल, टीव्ही, कॅमेरे आणि नोड एकत्र आले की त्यांचा तक्ता भरतो. ‘मॅक्सकनेक्शन्स’ मुळात १२५ असतं, ते ४० वर आणा. अपलोड फार होत असेल तर ‘मॅक्सअपलोडटार्गेट=५०००’ घाला; हा आकडा चोवीस तासांतल्या एमबींचा आहे. मर्यादा जवळ आली की नोड आठवड्यापेक्षा जुने ब्लॉक देणं थांबवतो, नवे देतच राहतो. जोडण्या उघड्या असलेला नोड महिन्याला काही शे जीबी सहज पाठवतो आणि ‘अनलिमिटेड’ म्हणून विकलेल्या बऱ्याच फायबर प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग इतका पडतो, की घरचे लोक नोडबद्दल पहिल्यांदाच चौकशी करतात.

६. मेमरी

मशीन चालू पण नोड मेला, असं पायरी २ मध्ये दिसलं असेल तर ‘डीमेसेज’मध्ये (dmesg) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. साखळी पहिल्यांदा उतरवताना वेगासाठी ‘डीबीकॅश’ (नोडने किती एमबी माहिती मेमरीत साठवायची तो आकडा) वाढवायचा सल्ला दिला जातो, आणि तो बरोबरही आहे. नंतर तो कमी करायचं राहून जातं. ४ जीबीच्या पायवर उतरवताना २००० चालतं, पण काम झालं की ४५० वर आणा. त्यात मेमपूलचे (अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांचे) ३०० एमबी, इलेक्ट्रम सर्व्हर आणि वर कुणीतरी हौसेने टाकलेला फोटोंचा सर्व्हर, अशी बेरीज केली की हिशेब लागतो. मेमरी कार्डवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वाढवणं हा उपाय नव्हे, कार्ड मरतं.

७. नोडला बंद व्हायला वेळ मिळतो का?

याकडे जवळपास कुणाचं लक्ष नसतं. नोड बदललेली माहिती मेमरीत साठवतो आणि बंद होताना डिस्कवर उतरवतो. बऱ्याच आवृत्त्यांत चालू असताना हे पूर्ण उतरवणं चोवीस तासांतून एकदाच होतं. कॅश मोठा आणि डिस्क हळू असेल तर बंद व्हायला काही मिनिटं लागतात. नोड डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) असेल तर डॉकर मात्र थांबायला सांगून दहा सेकंदांत प्रोसेस मारतो. सिस्टीमडी नव्वद सेकंद देतं. म्हणजे तुम्ही ‘नीट’ रीस्टार्ट केलं तरी नोडच्या दृष्टीने ती वीज गेल्यासारखीच गोष्ट.

सर्व्हिस फाइलमध्ये ‘टाइमआउटस्टॉपसेक=६००’ (TimeoutStopSec=600) घाला. डॉकर कंपोजमध्ये ‘स्टॉप_ग्रेस_पिरियड’ दहा मिनिटांचा करा. आणि हाताने बंद करताना ‘बिटकॉइन-सीएलआय स्टॉप’ दिल्यावर लॉगमध्ये ‘शटडाउन: डन’ दिसेपर्यंत प्लगला हात लावू नका.

८. वीज

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता खरं काम.

पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ द्या. उत्तर ‘०एक्स०’ हवं. ‘०एक्स५००००’ आलं तर मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं आणि त्यामुळे वेगही रोखला गेला होता. ‘०एक्स५०००५’ म्हणजे हे आत्ताही चालू आहे. दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. अडॅप्टर आणि केबल बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर ‘६५ वॉट’ लिहिलेलं पाहून फसू नका. ते वॉट ९, १५ किंवा २० व्होल्टवर मिळतात. ५ व्होल्टवर तो बहुधा ३ अँपिअरच देतो. आणि पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर दिसला की तो चारही यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. यूएसबीवरच्या एसएसडीला लिहिताना याहून जास्त लागतं. डिस्क क्षणभर गायब होते, फाइल सिस्टीम ‘रीड-ओन्ली’ होते, डेटाबेस बिघडतो, आणि दोष बिटकॉइन कोरला. पाय ४ वर चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात. एक एसएसडी चालते, सोबत दुसरं काही लावलं की नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब हा स्वस्तातला पक्का उपाय आहे.

मग घरचा इन्व्हर्टर. त्याला बहुधा मागच्या बाजूला खटका असतो: ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर पंखे-दिवे चालतात, पण वीज जाताना बदल व्हायला वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, मिनी पीसी मात्र रीस्टार्ट होतो. शिवाय नॉर्मलवर इन्व्हर्टर १०० ते २९० व्होल्टच्या आसपासचं काहीही पुढे जाऊ देतो. खटका यूपीएसवर ठेवा. वळवाच्या पावसात दहा मिनिटांत चार वेळा वीज जाते-येते, तेव्हा या खटक्याची किंमत कळते. काम करताना आधी इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत खटक्याची जागा पाहा. काहींत तो बटणांच्या मेन्यूत असतो.

वेगळा यूपीएस घेतला असेल तर त्याच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. पाय, एसएसडी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २० ते २५ वॉट घेतात. रूपांतरातली तूट धरून नव्या बॅटरीवर दीड-दोन तास मिळाले तर उत्तम. दोन-तीन वर्षांच्या बॅटरीवर वीस मिनिटंही मिळत नाहीत. गुरुवारचा पूर्ण खंड यात निभत नाही. तेव्हा यूपीएसचं काम ‘नोड चालू ठेवणं’ हे नसून ‘नोड नीट बंद व्हायला वेळ देणं’ हे आहे, असं धरून मांडणी करा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर एनयूटी हा प्रोग्रॅम बसवा. बॅटरी उतरत आली की तो नोड बंद करून मशीन बंद करतो. स्वस्त यूपीएसला पोर्ट नसतं. त्यावर एक देशी युक्ती चालते: अडगळीतला जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या प्लगला लावा, तोच घरच्या नेटवर्कला जोडा आणि नोडवरून दर मिनिटाला त्याला पिंग करा. सलग पाच वेळा उत्तर आलं नाही म्हणजे वीज गेली. स्क्रिप्टने ‘स्टॉप’ द्यायचा, मग मशीन बंद. घरातला मुख्य राउटरही यूपीएसवर हवा, नाहीतर पिंग भलत्याच कारणाने चुकेल.

यातली एक मेख: मशीन बंद झालं, पण यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज परत आली, तर मशीनपर्यंतचा पुरवठा तुटलेलाच नसतो. पाय आपोआप सुरू होत नाही. एनयूटी शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगू शकतो, ते बसवताना चालू करून घ्या. पिंगच्या युक्तीत मात्र प्लग काढून लावण्यावाचून इलाज नाही. मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय चालू ठेवा, पण तोही पुरवठा खरोखर तुटल्यावरच काम करतो.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचे छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेण्याआधी मूळ अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊन पाहण्याची हौस तपकीर गल्लीतल्या दुकानदारांना बरीच गिऱ्हाइकं मिळवून देते.

९. डिस्क आणि केबल

‘स्मार्टसीटीएल -ए’ द्या. यूएसबी डब्यातली साटा डिस्क असेल तर ‘-डी साट’ जोडावं लागतं. तीन आकडे पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्यापेक्षा जास्त म्हणजे डिस्क चालली. वाद घालू नका, बदला. ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ काही थोडे असून वाढत नसतील तर चालतं, दर आठवड्याला वाढत असतील तर नाही. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर डिस्क निर्दोष असते. केबल किंवा तिचा कनेक्टर खराब असतो. शे-दोनशेच्या केबलपायी हजारोंची एसएसडी टाकून दिलेली सर्रास दिसते. एनव्हीएमई असेल तर ‘पर्सेंटेज यूज्ड’ पाहा.

‘डीमेसेज’मध्ये ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ पुन्हा पुन्हा येत असेल, आणि पायरी ८ नुसार वीज ठीक असेल, तर यूएसबी-साटा डब्यातली चिप आणि पाय यांचं पटत नाही. ‘एलएसयूएसबी’ने तिचा क्रमांक काढून ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’त ‘यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स=’ पुढे तो क्रमांक आणि शेवटी ‘:यू’ घाला. वेग थोडा कमी होतो, तुटणं थांबतं. फाइलमधली ओळ एकच राहिली पाहिजे. एंटर पडला तर मशीन उठणार नाही.

फिरती हार्ड डिस्क चेनस्टेटसाठी (अजून खर्च न झालेल्या शिलकेचा डेटाबेस) नको. तिथे बारीक बारीक वाचन सतत चालू असतं. आणि ‘४ टीबी’ म्हणून आश्चर्यकारक स्वस्तात मिळालेली एसएसडी एफ३ या चाचणीतून काढा. आकडा खोटा निघणं अजिबात दुर्मीळ नाही. ही चाचणी डिस्क भरून पाहते, म्हणून ती रिकाम्या डिस्कवरच करायची.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. पाय माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात असेल तर ८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो. जागा बदला, छोटा पंखा लावा. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

१०. आता रीइंडेक्स

वीज, केबल, डिस्क ठीक केल्यावरच. मिनी पीसी असेल तर आधी एक रात्र मेमटेस्ट चालवा. खराब रॅमवर रीइंडेक्स म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आधी ‘-रीइंडेक्स-चेनस्टेट’ करून पाहा. तो आहेत तेच ब्लॉक वाचून फक्त शिलकेचा डेटाबेस बांधतो. तो अडला तरच पूर्ण ‘-रीइंडेक्स’, ज्यात ब्लॉकची अनुक्रमणिकाही नव्याने होते. दोन्हींत साखळी पुन्हा डाउनलोड होत नाही. प्रून केलेल्या नोडचं वेगळं: तिथे चेनस्टेटवाला पर्याय चालतच नाही आणि पूर्ण रीइंडेक्स म्हणजे सगळी साखळी पहिल्यापासून उतरवणं.

हा पर्याय कमांडसोबत एकदाच द्या, ‘बिटकॉइन डॉट कॉन्फ’मध्ये लिहू नका. तिथे राहून गेला तर प्रत्येक रीस्टार्टला रीइंडेक्स पहिल्यापासून सुरू होतो, आणि ‘महिना झाला, संपतच नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

मित्राच्या नोडवरून ‘ब्लॉक्स’ आणि ‘चेनस्टेट’ फोल्डर आणता येतात. दोन्ही एकत्र आणायचे, आणि त्याचा नोड पूर्ण बंद असतानाच. पण मग शिलकेचा डेटाबेस तुम्ही तपासलेला नसतो, मित्रावर विश्वास ठेवलेला असतो. नोड चालवायचं कारणच हे असेल तर फक्त ‘ब्लॉक्स’ आणा आणि रीइंडेक्स स्वतः करा.

इथे थांबा

*लाइटनिंग (दोघांमधल्या ‘चॅनेल’मधून झटपट बिटकॉइन पाठवायचं जाळं) चालवत असाल तर* पायरी ९ पासून पुढे स्वतःच्या जबाबदारीवरही जाऊ नका. चॅनेलच्या डेटाबेसची जुनी प्रत परत ठेवून नोड सुरू केला, तर जुनी स्थिती प्रसिद्ध होऊ शकते आणि समोरच्याला चॅनेलमधली सगळी रक्कम दंड म्हणून उचलता येते. डिस्क बिघडल्याची शंका येताच लाइटनिंग थांबवा, एकाच वेळी दोन मशीनवर तोच नोड कधीही चालवू नका, आणि एलएनडी (लाइटनिंगचा एक प्रोग्रॅम) असेल तर ‘स्टॅटिक चॅनेल बॅकअप’नेच परत या. हे पूर्वी केलेलं नसेल तर केलेल्या माणसाला शेजारी बसवा. वेळ मात्र अमर्याद नाही: तुम्ही बंद असताना समोरच्याने जुनी स्थिती टाकली तर ठरलेल्या मुदतीतच हरकत घेता येते, आणि ती अनेक चॅनेलमध्ये १४४ ब्लॉक, म्हणजे जेमतेम एक दिवस असते.

*इलेक्ट्रिशियन.* मशीनच्या धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिणी येते, प्लग गरम लागतो, जळका वास येतो, किंवा मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चार-पाच व्होल्टांपेक्षा जास्त दिसतात: नोड बंद, मेन स्विच बंद, परवानाधारक वायरमन. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार नसणं नवं नाही. सगळ्या घराचं, किंवा शेजाऱ्यांचंही, व्होल्टेज वर-खाली होत असेल तर तो महावितरणचा विषय. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

*इंटरनेट कंपनी.* फायबरच्या डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा, किंवा त्याच्या पानावर येणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्याही खाली. तार स्वतः सोलून पाहू नका; वाकडी झालेली किंवा उंदराने कुरतडलेली तार जोडायला त्यांचंच यंत्र लागतं.

*डेटा रिकव्हरी.* साखळीसाठी कधीच नको, ती फुकट पुन्हा उतरते. पण त्याच डिस्कवर वॉलेट आहे, बीज-शब्द (वॉलेट परत मिळवायचे शब्द) कुठे लिहिलेले नाहीत आणि डिस्क कुरकुर करतेय, तर एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) नको, रीइंडेक्स नको, आणखी एकदा सुरू करून पाहणंही नको. डिस्क काढा आणि रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

मशीन दुरुस्तीला देताना डिस्क घरी ठेवा. अडॅप्टर किंवा बोर्ड तपासायला ती लागत नाही. बीज-शब्द तर कुठल्याच दुरुस्तीला लागत नाहीत. मदतीच्या नावाखाली ते विचारणारा, किंवा स्क्रीन शेअर करायला सांगणारा अनोळखी माणूस भेटला तर बोलणं तिथेच तोडा.